मुलांकडून वेबपाने करून घेताना: आधी कार्डे आणि दोरा, मग संगणक

वर्गात वेबपानांचा प्रकल्प घेणारे शिक्षक बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. पहिल्याच तासाला मुले संगणकासमोर बसतात. दोन-तीन तास रंग, अक्षरांची वळणे आणि हलणारी चित्रे निवडण्यात जातात. मग वेळ संपत आला म्हणून कुठून तरी मजकूर उचलून चिकटवला जातो आणि प्रत्येक पानाखाली ‘मागे’, ‘पुढे’, ‘मुख्य पान’ अशी तीन बटणे लागतात. काम देखणे दिसते, पण त्या मुलाला विषय किती कळला हे त्यावरून काही सांगता येत नाही.

हायपरमीडिया, म्हणजे दुव्यांनी (लिंकांनी) एकमेकांना जोडलेली मजकूर-चित्रांची पाने, शिकवण्यासाठी उपयोगी पडते ते दुव्यामुळे. मूल एका पानातून दुसऱ्या पानाकडे दुवा जोडते, तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे हे त्याला ठरवावे लागते. ते ठरवण्यात शिकणे आहे. बाकीचे टायपिंग आहे. म्हणून खालचा क्रम असा लावला आहे की मुलांचा जास्तीत जास्त वेळ दुव्यांचा विचार करण्यात जावा आणि कमीत कमी वेळ संगणकाशी झटापट करण्यात.

हा आराखडा साधारण ११ ते १५ वयाच्या मुलांसाठी आहे. चार-चार जणांचे गट, ४० मिनिटांच्या १० तासिका. त्यांतल्या २ प्रश्न आणि वाचनाला, २ कार्डांना, १ कागदी पानाला, ३ संगणकावर, १ चाचणीला आणि १ दुरुस्तीला. म्हणजे पहिल्या पाच तासिका संगणक बंदच राहतो. मुले कुरकुर करतील. करू द्या, पण क्रम बदलू नका.

उदाहरण म्हणून सगळीकडे ‘मधमाशी’ हा विषय घेतला आहे.

टप्पा १: शिक्षकाची तयारी (वर्ग सुरू होण्याच्या आठवडाभर आधी)

विषय निवडताना एकच कसोटी लावा: त्याचे भाग फिरून एकमेकांकडे येतात का? मधमाशी, जलचक्र, रक्ताभिसरण, एखाद्या युद्धाची कारणे, जंगलातली अन्नसाखळी हे विषय चालतात. ‘दहा शास्त्रज्ञांची माहिती’ हा विषय चालत नाही, कारण एका शास्त्रज्ञाच्या पानावरून दुसऱ्याकडे जायला कारणच नसते. अशा विषयातून दहा सुटे निबंध तयार होतात.

साधन कोणते वापरायचे? तीन मार्ग आहेत. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये एचटीएमएल (वेबपाने ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती) लिहायचे, गूगल साइट्ससारख्या तयार सेवेवर पाने जुळवायची किंवा ट्वाइनसारखे दुव्यांच्या गोष्टी रचण्याचे साधन घ्यायचे. पहिल्यांदा करत असाल तर माझा आग्रह नोटपॅडचा आहे. इंटरनेट लागत नाही, खाती उघडावी लागत नाहीत (बऱ्याच ऑनलाइन सेवांना वयाची अट असते), आणि मुख्य म्हणजे दुवा कशाचा बनलेला असतो ते मुलाला डोळ्यांनी दिसते. ब्राउझर स्वतःच्या संगणकातली फाइलही उघडतो. पान पाहण्यासाठी ते इंटरनेटवर असावे लागत नाही, हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

मुलांना शून्यातून कोड लिहायला लावू नका. एक कोरे पान तुम्ही तयार करून द्या. त्यात इतके असू द्या:

१. सर्वांत वर डॉकटाइपची ओळ (हे एचटीएमएल पान आहे असे ब्राउझरला सांगणारी).
२. एचटीएमएल टॅगमध्ये (टॅग म्हणजे टोकदार कंसांतली खूण) भाषा मराठी असल्याची नोंद. त्यामुळे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा हे कळते.
३. हेड भागात (पानाविषयीच्या, पानावर न दिसणाऱ्या माहितीच्या भागात) चारसेट, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत किंवा एन्कोडिंग, यूटीएफ-८ असल्याची मेटा ओळ.
४. मोबाइलच्या पडद्यावर पान नीट बसावे यासाठी व्ह्यूपोर्टची मेटा ओळ.
५. टायटल (ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे नाव), एक मोठे शीर्षक, दोन परिच्छेद, एक चित्र आणि एक दुवा. सगळे नमुन्यादाखल भरलेले.

चारसेटची ओळ विसरलात आणि ब्राउझरने भलतेच एन्कोडिंग धरले, तर देवनागरीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. मुलांना वाटते आपली फाइल खराब झाली.

विंडोजमध्ये आणखी एक काम आधी उरकून ठेवा. फाइलच्या नावामागचे एक्स्टेन्शन (टिंबानंतरची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरे) विंडोज मूळ सेटिंगमध्ये लपवून ठेवते. मूल ‘इंडेक्स.एचटीएमएल’ म्हणून फाइल सेव्ह करते आणि प्रत्यक्षात ती ‘इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी’ होते. पडद्यावर मात्र शेवटचे टीएक्सटी दिसत नाही. प्रत्येक संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दिसू द्या. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचे, हेही फळ्यावर लिहून ठेवा.

मराठी टायपिंग युनिकोडमध्येच (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) हवे. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आत रोमन अक्षरे आणि चिन्हे म्हणूनच साठलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पान उघडले की अर्थहीन अक्षरे समोर येतात.

तपासा: ज्या संगणकांवर मुले बसणार आहेत, त्यांच्यापैकी प्रत्येकावर मराठीत एक वाक्य लिहून, सेव्ह करून, ब्राउझरमध्ये उघडून पाहिले का? आपल्या लॅपटॉपवर चालले म्हणजे तिथे चालेल असे धरून चालू नका.

टप्पा २: आधी प्रश्न, मग वाचन (तासिका १ आणि २)

पानाला विषय देऊ नका, प्रश्न द्या. ‘राणीमाशी’ हा विषय झाला. तो दिला की मूल सापडेल ते सगळे उतरवून काढते. ‘राणी आणि कामकरी माशी दोघीही फलित अंड्यांतून येतात, मग त्या इतक्या वेगळ्या का होतात?’ हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर शोधताना काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे मुलाला ठरवावे लागते.

प्रत्येक मुलाचे दोन प्रश्न, म्हणजे गटाची आठ पाने, आणि प्रवेशाचे एक. नऊपेक्षा जास्त पाने पहिल्या वेळी घेऊ नका. मधमाशीसाठी निघालेले काही चांगले प्रश्न:

- फुले कुठे आहेत हे एक माशी दुसरीला कसे सांगते?
- पोळ्याची घरे षटकोनीच का?
- नर माशीचे काम काय आणि तिला डंख का नसतो?
- मकरंदाचा मध होताना त्यात काय बदलते?
- माश्या कमी झाल्या तर झाडांचे काय होते?

वाचनाचा नियम कडक ठेवा: वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा. समोर पुस्तक उघडे असताना लिहिलेली टिपणे नक्कल होतात, मग मुलाची इच्छा असो वा नसो. टिपणाच्या मागच्या बाजूला कोणत्या पुस्तकातून किंवा संकेतस्थळावरून माहिती घेतली तेही तेव्हाच लिहायचे. नंतर आठवत नाही.

आकड्यांवर विशेष लक्ष द्या. एपिस मेलिफेरा या जातीत अंडे घातल्यापासून राणी १६ दिवसांत, कामकरी २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत बाहेर पडतो. एका मुलाने या जातीचे वाचले आणि दुसऱ्याने वेगळ्या जातीचे, तर दोघांच्या पानांवरचे आकडे जुळत नाहीत. आकड्याशेजारी तो कशाचा आहे हे लिहिले नसेल, तर टिपण परत करा.

तपासा: प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मुलाला पुस्तक न पाहता तीन वाक्यांत तोंडी सांगता येते का? येत नसेल तर त्याला पुढच्या टप्प्यात जाऊ देऊ नका.

टप्पा ३: कार्डे आणि दोरा (तासिका ३ आणि ४)

सगळ्या प्रकल्पात मी सर्वाधिक जपतो तो हा टप्पा. वेळ कमी पडला तर संगणकाची एक तासिका कमी करा, ही करू नका.

साहित्य साधे: पोस्टकार्डाएवढी जाड कार्डे, चिकटपट्टी, सुती दोरा, कागदाच्या लहान चिठ्ठ्या. एक कार्ड म्हणजे एक पान. कार्डावर वर प्रश्न, खाली तीन ओळींत उत्तर. आठही कार्डे आणि प्रवेशाचे कार्ड भिंतीवर किंवा जमिनीवर मोकळी मांडायची आणि मग एका कार्डापासून दुसऱ्यापर्यंत दोरा लावायचा. प्रत्येक दोऱ्यावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एक पूर्ण, क्रियापद असलेले वाक्य. ते वाक्य सांगते की वाचकाने इथून तिथे का जावे.

‘संबंधित माहिती’, ‘अधिक वाचा’, ‘याविषयी आणखी’ हे शब्द चिठ्ठीवर चालणार नाहीत, असे आधीच सांगून टाका.

एका गटाने ‘पोळे’ आणि ‘नाच’ (फुलांची दिशा सांगण्यासाठी माशी नाचते तो) या दोन कार्डांमध्ये दोरा लावला होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते, ‘नाच पोळ्यात होतो.’ वाक्य चूक नव्हते. मी विचारले, “पोळे उभे न राहता जमिनीवर सपाट पडलेले असते, तर काय फरक पडला असता?” गट गप्प झाला. एक मुलगी कार्ड काढून पुन्हा पुस्तकाकडे गेली. दहा मिनिटांनी नवी चिठ्ठी लागली: ‘पोळे उभे असते, म्हणून अंधारात नाचताना माशी वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा असे धरू शकते.’ माशीच्या नाचाचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे फुलांचा सूर्याच्या दिशेशी होणारा कोन, हे तिच्या पुस्तकात एका पानावर होते, आणि पोळे उभे टांगलेले असते हे दुसऱ्या. दोन्ही तिने आधी वाचले होते. ती जोडली गेली त्या दोऱ्यामुळे.

असे प्रश्न प्रत्येक गटाला दोन-तीन तरी विचारा. उत्तर देऊ नका. “हा दोरा काढला तर काय अडेल?” एवढा एक प्रश्नही पुरतो. काहीच अडत नसेल तर दोरा काढायचा.

आता मांडणीचा आकार पाहा. तीनच आकार निघतात. माळ: एकामागून एक पाने, रस्ता एकच. मध तयार होण्याची प्रक्रिया माळेत चांगली बसते. झाड: एका खोडाच्या फांद्या, फांद्यांच्या उपफांद्या. माश्यांचे प्रकार सांगायला झाड बरे. जाळे: कुठूनही कुठेही. मुलांना जाळे फार आवडते आणि ती सगळ्याला सगळे जोडून टाकतात. तसे झाले की वाचक हरवतो, कारण प्रत्येक पानावर आठ वाटा आणि कुठलीच महत्त्वाची नाही. माझा सल्ला मिश्र मांडणीचा आहे: आठ पानांना झाडाचा सांगाडा द्यायचा आणि त्यावर विचार करून निवडलेले चार-पाच आडवे दोरे टाकायचे.

नियम आकड्यांत सांगितले की मुलांना पटकन पाळता येतात:

१. प्रत्येक कार्डाकडे किमान एक दोरा येतो आणि त्याच्यापासून किमान एक दोरा निघतो. ज्याच्याकडे काहीच येत नाही ते कार्ड अनाथ. ज्याच्यातून काहीच निघत नाही तो बंद बोळ.
२. एका कार्डातून चारपेक्षा जास्त दोरे निघत नाहीत.
३. प्रवेशाच्या कार्डापासून कोणतेही कार्ड तीन पावलांच्या आत.

शेवटी ‘बोटाची फेरी’. दुसऱ्या गटातला एक पाहुणा बोलवा. तो प्रवेशाच्या कार्डावर बोट ठेवतो, चिठ्ठ्या वाचतो आणि दोऱ्यावरून बोट फिरवत मनाला येईल तसा जातो. गट गप्प उभा राहून पाहतो. पाहुणा कुठे थांबला, कुठे मागे फिरला, कोणत्या कार्डावर पोहोचलाच नाही, हे टिपायचे.

सावधान: कार्डे उतरवण्यापूर्वी भिंतीचा फोटो काढा, चिठ्ठ्या वाचता येतील इतक्या जवळून. हा फोटो म्हणजे पुढच्या सहा तासिकांचा नकाशा.

टप्पा ४: कागदी पान (तासिका ५)

प्रत्येक पान एका कागदावर हाताने लिहायचे. ८० ते १२० शब्द, वर शीर्षक, चित्राची जागा चौकोनाने दाखवलेली, आणि ज्या शब्दांवर दुवा येणार त्यांच्याखाली रेघ.

रेघ कुठल्या शब्दांखाली, यावरच बहुतेक पाने बिघडतात. ‘राणीबद्दल वाचण्यासाठी इथे क्लिक करा’ असे लिहून मुले ‘इथे क्लिक करा’ अधोरेखित करतात. हे सोडायला लावा. पान डोळ्यांनी न पाहता ऐकणारे वाचक कित्येकदा पानावरच्या दुव्यांची नुसती यादी ऐकतात. त्या यादीत पाच वेळा ‘इथे क्लिक करा’ आले तर त्यांनी काय समजायचे? चाचणी सोपी आहे: कागदावरचे फक्त अधोरेखित शब्द मोठ्याने वाचा. प्रत्येक दुवा कुठे नेतो ते कळले पाहिजे. ‘राणीच्या अळीला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळते’ या वाक्यात ‘शेवटपर्यंत रॉयल जेली’ हे शब्द दुव्याला योग्य.

दुवा परिच्छेदाच्या सुरुवातीला नको. वाचकाला अजून प्रश्नच कळला नाही आणि तो दुसरीकडे निघूनही गेला, असे होते. आधी या पानाचे उत्तर पूर्ण होऊ द्या, मग वाट दाखवा.

चित्राच्या चौकोनात दोन गोष्टी लिहायच्या: हे चित्र कशासाठी आणि पर्यायी मजकूर काय. चित्र दिसले नाही तर त्याच्या जागी जे वाचले किंवा ऐकले जाते तो पर्यायी मजकूर. ‘मधमाशी’ एवढ्याने भागत नाही. ‘उभ्या पोळ्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरणारी माशी, मधल्या सरळ रेषेवर ती पोट हलवते’ असे लिहिले तर भागते. हे लिहिताना मूल स्वतःच्या चित्राकडे पहिल्यांदा नीट पाहते.

तपासा: भिंतीच्या फोटोतले दोरे आणि कागदांवरच्या रेघा मोजा. संख्या जुळली पाहिजे.

टप्पा ५: फोल्डर आणि फाइलींची नावे

याला पंधरा मिनिटे लागतात, आणि ती वाचवली तर पुढे दोन तासिका जातात. एका वर्षी मी ती वाचवली. मुलांनी फोनमधले फोटो फोल्डरात टाकले, त्यांच्या नावांच्या शेवटी ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत होते आणि मुलांनी कोडमध्ये लहान अक्षरांत लिहिले. वर्गातल्या विंडोज संगणकांवर सगळी चित्रे दिसली, कारण विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करत नाही. पाने सर्व्हरवर (ती इंटरनेटवरून दाखवणाऱ्या संगणकावर) चढवली आणि पालक बघायला आले, तेव्हा एकाही पानावर चित्र नव्हते. बरेचसे वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला तो भेद कळतो. मुलांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत.

त्यामुळे हे नियम पाठच करून घ्या:

१. प्रत्येक गटाचा एकच फोल्डर. सगळी पाने त्यात, एकाच पातळीवर.
२. चित्रांसाठी आत एक उपफोल्डर. चित्र आधी तिथे कॉपी करायचे, मगच पानात घालायचे.
३. सगळी नावे रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. मोकळी जागा नको, हवी तर मधे आडवी रेघ (हायफन). देवनागरी नाव दिले तरी चालते, पण त्याचा पत्ता कॉपी केला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि चूक शोधणे अवघड जाते.
४. प्रवेशाच्या पानाचे नाव ‘इंडेक्स.एचटीएमएल’च (रोमन लिपीत index.html). फोल्डराचा पत्ता दिला की सर्व्हर सहसा हीच फाइल आधी उघडतो.
५. नावे एकदा ठरली की बदलायची नाहीत. ठरलेल्या नावांची यादी कागदावर, संगणकाशेजारी.

सावधान: दुव्यात किंवा चित्राच्या पत्त्यात ‘सी’ ड्राइव्ह किंवा ‘डेस्कटॉप’ असे काही दिसले, तर तो पत्ता त्याच एका संगणकापुरता आहे. पत्ता नेहमी त्या पानापासून सुरू होणारा हवा: शेजारच्या फाइलचे नुसते नाव, किंवा उपफोल्डराचे नाव, तिरकी रेघ आणि चित्राचे नाव.

टप्पा ६: संगणकावर (तासिका ६, ७, ८)

कामाचा क्रम असा: आधी सगळ्या पानांचा मजकूर, मग शीर्षके, मग दुवे, मग चित्रे, आणि रंग सर्वांत शेवटी. एक पान पूर्ण सजवून मग दुसरे घ्यायचे, असे करू देऊ नका. तसे केले की पहिले पान राजवाडा होते आणि सातवे-आठवे रिकामे राहते.

संगणकावर दोघे. एक टाइप करतो, दुसरा कागदावरून वाचतो आणि पडद्यावर लक्ष ठेवतो. दर १० मिनिटांनी अदलाबदल, घड्याळ लावून. गटातले उरलेले दोघे चित्रे काढतात किंवा त्यांची नावे आणि स्रोत लिहितात.

दर दोन-तीन ओळींनंतर कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह, ब्राउझरमध्ये जाऊन एफ ५ (पान पुन्हा उघडण्याची कळ). ही सवय पहिल्या पाच मिनिटांत लावा. पानभर कोड लिहून मग पाहिले, तर चूक कुठे झाली ते सापडत नाही.

दरवेळी येणाऱ्या अडचणी आणि त्यांची कारणे:

- बदल केला, पान तसेच: फाइल सेव्ह झालेली नाही, किंवा ब्राउझरमध्ये दुसरीच प्रत उघडी आहे. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता वाचायला सांगा.
- दुव्यानंतरचा सगळा मजकूर निळा आणि अधोरेखित: दुव्याचा ‘ए’ टॅग बंद केलेला नाही.
- दुवा दाबला की ‘फाइल सापडली नाही’: नावातले एखादे अक्षर चुकले आहे. यादीशी अक्षर-अक्षर जुळवा.
- सगळे बरोबर दिसते, तरी दुवा चालत नाही: कोड वर्डसारख्या सॉफ्टवेअरमधून चिकटवला आहे आणि सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे आली आहेत. ब्राउझरला ती कोडमधली अवतरणे वाटत नाहीत. पुसून नोटपॅडमध्ये हाताने टाका. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शिक्षकही तिच्यापुढे अर्धा तास घालवतात.

मूल “सर, चालत नाही” म्हणत आले की कीबोर्ड हातात घेऊ नका. आधी त्याला विचारा, “शेवटचे चालले होते तेव्हापासून काय बदलले?” बहुतेक वेळा तेच जाऊन दुरुस्त करते.

रंगांविषयी थोडक्यात: सगळ्या पानांसाठी एकच स्टाइल फाइल (रंग आणि अक्षरांचे नियम ठेवणारी), एक पार्श्वभूमी, एक अक्षररंग. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) वेबपानांच्या सुलभतेच्या मानकांप्रमाणे किमान ४.५ ला १ हवा. फिकट पिवळ्यावर पांढरे तिथे नापास होते. हलणाऱ्या चित्रांना आणि आपोआप वाजणाऱ्या आवाजांना परवानगी देऊ नका.

टप्पा ७: चित्रांचे हक्क आणि मुलांची ओळख

शोधयंत्रात चित्र सापडले म्हणजे ते वापरायला मोकळे झाले, असे नाही. सर्वांत उत्तम चित्र मुलाने स्वतः काढलेले. कागदावर काढा, फोटो घ्या, लावा. बाहेरचे हवेच असेल तर विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी परवाना लिहिलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी शून्य या प्रकारात नाव देण्याची अट नाही. बाकीच्यांत निर्मात्याचे नाव आणि परवाना चित्राखाली लिहावा लागतो.

फोनचा फोटो हजारो पिक्सेल रुंद आणि कित्येक एमबीचा असतो. पानात घालण्यापूर्वी त्याची रुंदी १,००० पिक्सेलपर्यंत आणा. कोडमध्ये रुंदी कमी लिहिल्याने फाइल लहान होत नाही, ती तेवढीच जड राहते. काही फोटोंमध्ये तो कुठे काढला त्याची नोंदही दडलेली असते. पाने वर्गाबाहेर जाणार असतील तर ती काढून टाका.

पानांवर मुलांची पूर्ण नावे, चेहऱ्याचे फोटो, पत्ता, फोन यांपैकी काही नको. गटाचे नाव पुरेसे आहे. पाने इंटरनेटवर ठेवायची असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या, नंतर नव्हे.

टप्पा ८: चाचणी आणि दुरुस्ती (तासिका ९ आणि १०)

आधी स्थलांतराची चाचणी. गटाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या संगणकावर उघडा आणि प्रत्येक दुवा एकदा दाबा. मूळ संगणकावर तपासून उपयोग नाही, कारण ज्या चुका शोधायच्या आहेत त्या तिथे दिसतच नाहीत.

मग वाचकाची चाचणी. दुसऱ्या गटातल्या दोघांना बसवा आणि असे तीन प्रश्न द्या ज्यांची उत्तरे एका पानावर मिळत नाहीत. उदाहरणार्थ, ‘ढगाळ दिवशी माशीला नाचून दिशा सांगताना काय अडचण येईल, आणि का?’ किंवा ‘पोळ्यातली राणी मेली तर माश्या नवी राणी कशी तयार करतात?’ प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटे. ज्यांची पाने आहेत ते मागे उभे राहतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. हे त्यांना फार जड जाते. वाचक ‘मागे’ बटण कुठे दाबतो, कोणता दुवा दाबून लगेच परत येतो, कुठे थबकतो, एवढे ते कागदावर लिहितात.

लगेच परत येणे म्हणजे दुव्याने जे कबूल केले ते पुढच्या पानावर नव्हते. थबकणे म्हणजे पुढे कुठे जायचे ते पान सांगत नाही. दुरुस्तीच्या तासिकेत फक्त या दोन गोष्टी हाताळायच्या. नवे पान जोडायचे नाही, रंग बदलायचे नाहीत.

टप्पा ९: गुण

गुणांची वाटणी पहिल्याच दिवशी फळ्यावर हवी. मी २० पैकी असे देतो: दुवे आणि त्यांची कारणे ८, मजकुराची अचूकता ६, स्रोत आणि चित्रांचे हक्क ३, तांत्रिक नेटकेपणा ३. सजावटीला शून्य.

दुव्यांचे आठ गुण तोंडी द्यायचे. गटातल्या कोणत्याही एका मुलाला बोलवा, दुसऱ्याने लिहिलेल्या पानावरच्या दुव्यावर बोट ठेवा आणि विचारा, “हा इथे का आहे?” चिठ्ठीवरचे वाक्य त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले तर गुण पूर्ण. दर गटात असे चार दुवे घ्या, चौघांना एकेक. हे आधीपासून माहीत असले की पाचव्या-सहाव्या तासिकेपासूनच मुले एकमेकांची पाने वाचू लागतात.

गुण देऊन झाले की गटाच्या फोल्डरात भिंतीचा फोटो, नावांची यादी आणि स्रोतांची पानेही स्कॅन करून ठेवा आणि त्याची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्या. पुढच्या वर्षीच्या वर्गाला कोऱ्या पानापासून सुरुवात करायला लावू नका. त्यांना हा फोल्डर द्या आणि एकच काम सांगा: एक नवे कार्ड आणा, आणि ते जुन्या आठांपैकी किमान दोघांना दोऱ्याने बांधा.